जिभेला चिकटलं तर हाड

“तुझ्या डायनासोरला माझं लोहचुंबक चिकटलंय, कोल्बी. आता बोल,” व्हर्ना मावशी म्हणाली, आणि झाडूच्या दांड्याला बांधलेलं चुंबक तिने ओढून दाखवलं. ते सुटेना. मावशीही सुटेना.

“दगडात लोखंड असतंच,” कोल्बी म्हणाला. “या खोऱ्यातले निम्मे दगड गंजलेले आहेत. तुला माहितीये.”

“त्या दगडांना चुंबक चिकटत नाही. मी सगळ्यांना लावून बघितलंय.”

“मग तुझं चुंबक बिघडलंय.”

“चुंबक कसं बिघडेल रे? फ्रिज आहे का तो?”

“आधी ते काढ तिथून. साडेसात कोटी वर्षं तो जीव शांत पडलाय, आणि तू त्याला झाडूने ढोसतेयस.”

गॅरेजच्या मधोमध, गवत कापायचं यंत्र बाजूला सारून, कोल्बीने एका जुन्या दारावर ती वस्तू मांडली होती. मोठ्या कलिंगडाएवढी लांब, मातकट, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला वाकडी होत होत निमुळती झालेली. बोट. पायाचं बोट, नखासकट. आता बोट एवढं, तर पाय केवढा, आणि पाय तेवढा, तर वरचा सगळा केवढा, हा हिशेब करून करून कोल्बीला धड जेवण जात नव्हतं.

पीटरसनच्या शेताखाली नदीने कड कापलीय, तिथे ते डोकावत होतं. कोल्बीने खोदलं नव्हतं. खोदायला सरकारी परवाना लागतो हे इथलं शेंबडं पोरगंही जाणतं. कड आपोआप ढासळली. कोल्बी फक्त वर उभा राहून जरा उड्या मारत होता.

आणि मग त्याने ते चाटलं होतं.

या खोऱ्यात काही सापडलं की कुणी ‘हे काय आहे’ म्हणत बसत नाही, आधी चाटतं. दगड असला तर जीभ सरकते. जुनं हाड असलं तर त्याला बारीक बारीक भोकं असतात, ती थुंकी ओढून घेतात आणि जीभ चिकटून बसते. दुसरीकडच्या आया लेकरांवर ‘तोंडात घालू नको’ म्हणून ओरडत असतील. इथल्या आया ‘चिकटलं का?’ म्हणून विचारतात. कोल्बीची जीभ या बोटाला अशी चिकटली होती की सोडवताना डोळ्यांत पाणी आलं. थोडं दुखल्याचं, बाकीचं आनंदाचं.

त्याने तिथूनच म्युझियमला फोन लावला होता. शनिवारी डॉक्टर ग्रेस निशिकावा स्वतः येऊन बघणार होत्या. आणि शनिवारी काय ते कायमचं ठरणार होतं.

कारण असं, की उन्हाळ्यात म्युझियमची माणसं सांगाडे काढायला बाहेर पडतात, त्यांच्या गाडीत कोल्बीला जागा हवी होती. दुसरं काहीच नको होतं. समजायला लागल्यापासून नको होतं. म्युझियमने सरळ सांगितलं, बारावी झालेली हवी. कोल्बी अकरावीतून बाहेर पडला होता. म्हणजे तो म्हणायचा बाहेर पडलो. शाळा म्हणायची दार फोडून गेला. दोन्ही खरं होतं. जीवशास्त्राच्या पेपरात प्रुइट सरांनी विचारलं होतं, ‘डायनासोर नामशेष झाले आहेत: बरोबर की चूक?’ कोल्बीने लिहिलं, चूक, आणि शेजारी कोंबडीचं चित्र काढलं. सरांनी गुण कापला. कोल्बी भर वर्गात उठून म्हणाला, पक्षी हे डायनासोरच आहेत, तुम्ही काल दुपारी सँडविचमध्ये घालून खाल्लात तो कोण होता. सर म्हणाले, बाहेर हो. तो झाला, आणि जाताना दार असं आपटलं की काचेचा चुरा झाला. माफी माग आणि परत ये, असं शाळेने कळवलं. पण गुण परत देऊ असं कुणी म्हणालं नाही, म्हणून तो गेला नाही. आता आख्खा डायनासोर शोधून दिल्यावर बारावी कोण विचारतो, असा त्याचा हिशेब होता.

त्याची आई उत्तरेला तेलाच्या कॅम्पवर स्वयंपाकाला असते, त्यामुळे तो राहायचा मावशीकडे, आणि त्याचं काय करायचं हे ठरवायचं काम आपोआप मावशीच्या नवऱ्याकडे, लॉर्न काकाकडे आलं होतं. काकाने फार विचार केला नाही.

“शनिवारी ती बाई तुला घेऊन गेली तर जा बाबा, माझा आशीर्वाद आहे,” काका म्हणाला होता. “नाही नेलं, तर सोमवारी सकाळी माझ्या ट्रकवर यायचं. हातमोजे मी देतो.”

काकाचा ट्रक म्हणजे संडासाच्या टाक्या उपसायचा टँकर. मागच्या बाजूला त्याने मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलंय: ‘काल काय जेवलात ते आम्हाला माहीत आहे.’ आख्ख्या जिल्ह्यात तो ट्रक कुणी ओव्हरटेक करत नाही, आणि कुणी त्याच्या मागेही राहत नाही.

तर गॅरेजमधलं हे भांडण नुसतं चुंबकाचं नव्हतं.

मावशीचं चुंबक साधं असतं तर कोल्बीने केव्हाच भिरकावून दिलं असतं. पण ते साधं नव्हतं. मावशी आकाशातली धूळ गोळा करते. वरून, अवकाशातून, रोज बारीक बारीक कण पृथ्वीवर पडत असतात, छपरांवर बसतात, पावसाने पन्हळीत येतात. मावशी शिडी लावून लोकांच्या पन्हळी साफ करून देते, गाळ घरी आणते, चुंबक फिरवते आणि जे चिकटेल ते मायक्रोस्कोपखाली बघत बसते. शंभरातले नव्व्याण्णव कण वेल्डिंगच्या ठिणग्यांचे निघतात. उरलेला एखादा काळा, गोल, चकचकीत, साडेचार अब्ज वर्षांचा असतो. असे कण ती औषधाच्या गोळ्यांच्या डबीत ठेवायची, जेवायच्या टेबलावर. एका रविवारी काकाने ती डबी मिरपूड समजून अंड्यावर झटकली. सूर्याच्या वयाची धूळ त्याने टोस्टबरोबर खाल्ली आणि म्हणाला, “हिला काही झणझणीतपणा नाही.” मावशी त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही. पुढे कितीतरी दिवस तो बाथरूममधून बाहेर आला की ती नुसती त्याच्याकडे बघायची.

“मम्मी, तुम्ही दोघं जरा हळू भांडाल का,” कोपऱ्यातून ब्रिन म्हणाली. “माझा वॉल्टर परत पडला.”

ब्रिन म्हणजे मावशीची मुलगी, कोल्बीहून चार वर्षांनी लहान आणि अकलेने आपण मोठ्या आहोत असं धरून चालणारी. ती गेम बनवत होती. गेममध्ये हेच खोरं, हीच नदी, आणि खऱ्या डायनासोरांच्या कळपात गावचा वॉल्टर. वॉल्टर म्हणजे पेट्रोल पंपावरचा सिमेंटचा हिरवा डायनासोर. ब्रिनच्या आजोबांच्या काळात कुणा गवंड्याने बांधलेला. त्याचे हात चुकीचे, शेपूट चुकीची, आणि चेहरा असा की उधारी मागायला आलाय. पण गावाचा तो लाडका. ब्रिनने फोनने त्याचे चहूबाजूंनी शेकडो फोटो घेतले होते. त्याच्या पायाशी बायकांच्या मंडळाने पिटुनियाच्या फुलांचा वाफा केलाय, त्यात उतरून तिने नखंसुद्धा टिपली आणि मंडळाच्या शिव्या खाल्ल्या. मग कॉम्प्युटरने त्या फोटोंचा हुबेहूब वॉल्टर करून दिला. उभा राहायचा. पाऊल टाकायचा. आणि उजवीकडे पडायचा.

“वजन चुकलं असेल,” कोल्बी म्हणाला.

“वजन तपासलं. जमीन तपासली. गुरुत्वाकर्षण कमी केलं, तर हळू पडतो. पण उजवीकडेच पडतो.”

“गवंड्याने दारू पिऊन बांधला असेल.”

“तू आधी तुझं बोट सांभाळ,” ब्रिन म्हणाली. “त्याच्यात लोखंड का आहे, ते सांग मम्मीला.”

आता कोल्बीला राग आला की त्याचं डोकं जोरात चालतं. बरोबर दिशेने चालतं असं नाही, पण जोरात. तो मिनिटभर बोटाकडे बघत राहिला. मग चुंबकाकडे. मग मावशीकडे.

“मावशी,” तो म्हणाला, “तुझे ते वरून पडणारे कण. ते लोखंडाचेच असतात ना?”

“काही काही.”

“मोठेही पडतात ना?”

“पडतात की. उल्का.”

“मग याच्या बोटावर पडली.”

मावशीने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

“विचार कर,” कोल्बी म्हणाला, आणि आता त्याला थांबवणं कुणाच्या बापाच्या हातात नव्हतं. “हा इथे नदीकाठी उभा आहे. वरून उल्का येते. थेट पायाच्या बोटावर. बोट तुटतं. उल्का आत रुतते. बोट गाळात पुरलं जातं. लोखंड आतच. जगात आजवर उल्का लागलेला एकही डायनासोर सापडलेला नाही, मावशी. हा पहिला. याला लागली.”

“तो मोठा लघुग्रह पडला तेव्हाचा नाही हा,” मावशी म्हणाली, पण तिचा आवाज बदलला होता. “आपले इथले थर त्याच्या कितीतरी आधीचे.”

“मी कुठे म्हणतो तो? दुसरा. छोटा. खासगी.”

मावशीने झाडू खाली ठेवला. आयुष्यभर तिने पन्हळीतला गाळ उपसला होता, आणि तिच्याच गॅरेजमध्ये, तिच्याच जुन्या दारावर, आकाश आणि डायनासोर एकत्र येऊन पडले होते. ती बोटाजवळ गेली, वाकली आणि तिने ते चाटलं.

“चिकटलं,” ती म्हणाली. जीभ अडकल्यामुळे तो शब्द नीट आला नाही, पण भावना पोचली.

“तुम्ही दोघं वेडे आहात,” ब्रिन म्हणाली, आणि तिनेही येऊन चाटलं. चिकटलं.

भांडण मिटलं. तिघांनी मिळून बोट बांधायला घेतलं. म्युझियमची माणसं बांधतात तसंच, रीतसर: आधी ओला टॉयलेट पेपर, मग प्लास्टरमध्ये बुडवलेलं गोणपाट. गोणपाट नव्हतं, म्हणून कोल्बीने काकाचा थंडीतला लांब पायजमा फाडला. फाडताना त्याने विचार केला की शनिवारनंतर काकाशी काही संबंधच राहणार नाही.

शनिवारी डॉक्टर ग्रेस निशिकावा आल्या. ठेंगण्या, उन्हाने रापलेल्या, गुडघ्यांवर प्लास्टरचे डाग. कोल्बीने त्यांच्यासाठी पायऱ्या झाडल्या होत्या आणि स्वतःचे केस ओले करून बसवले होते. काकाही मुद्दाम आला होता, कॉफीचा मोठा मग घेऊन, गॅरेजच्या दाराला टेकून. त्याच्या खिशातून रबरी हातमोजे डोकावत होते.

“बांधलंय चांगलं,” ग्रेस म्हणाल्या. प्लास्टरवरून त्यांनी हात फिरवला. “कुणी शिकवलं?”

“बघून बघून,” कोल्बी म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

“कापड कसलं आहे हे? इथे इलॅस्टिक लागतंय.”

काकाने पुढे होऊन बघितलं. “हा माझा पायजमा आहे,” तो म्हणाला. “व्हर्ना, हा माझा चांगला पायजमा आहे.”

“गप बसा हो, विज्ञान चाललंय,” मावशी म्हणाली.

ग्रेसनी वरचं कवच कापून बाजूला केलं. बोट उघडं झालं. त्या वाकल्या, चष्मा वर केला आणि जीभ लावली. चिकटली. त्या जीभ सोडवून घेऊन थोडा वेळ तोंडातल्या तोंडात चव घेत राहिल्या, नवी भाजी चाखल्यासारख्या. मग पुन्हा लावली. मग भुवई वर गेली.

“मॅडम, आत उल्का आहे,” कोल्बीला राहवलं नाही.

“काय आहे?”

त्याने सगळं सांगितलं. नदीकाठ, बोट, आकाश. मावशीने चुंबक लावून दाखवलं. ग्रेसनी सगळं ऐकून घेतलं, एकदाही हसल्या नाहीत, आणि हेच वाईट लक्षण आहे हे कोल्बीला फार उशिरा कळलं.

“कुणाकडे जुना टूथब्रश आहे का?” त्यांनी विचारलं.

ब्रिनने आणून दिला. त्यांनी नखाच्या बाजूची माती पाण्याने घासली. माती निघाली. खाली आणखी माती होती, तीही निघाली. आणि मग खालून हिरवं आलं.

हिरवं म्हणजे शेवाळाचं नाही. रंगाचं हिरवं. ब्रशने मारलेलं, एका जागी ओघळ सुकलेलं.

गॅरेजमध्ये सगळे त्या ओघळाकडे बघत उभे राहिले. बाहेर एक मॅगपाय पक्षी कचकच करत होता, तोही डायनासोरच, पण त्या घडीला कोल्बीला त्याचं काही वाटलं नाही.

“आत सळई आहे,” ग्रेस शांतपणे म्हणाल्या. “वर सिमेंट, त्यावर प्लास्टरचा हात. रंग उडाला की प्लास्टरलाही जीभ चिकटते. हाडापेक्षा जास्तच चिकटते.”

ब्रिनने सावकाश लॅपटॉप फिरवला. पडद्यावर वॉल्टर उभा होता. त्याने पाऊल टाकलं आणि उजवीकडे पडला. ब्रिनने त्याचा उजवा पाय बोटांनी मोठा करून दाखवला. डाव्या पायाला तीन बोटं होती. उजव्याला दोन, आणि तिसऱ्याच्या जागी पिटुनिया.

“म्हणून पडतो होय,” ती म्हणाली. “मला वाटलं माझंच चुकलं.”

“मोठा पूर आला होता त्या वर्षी पाणी पंपापर्यंत चढलं,” मावशी हळूच म्हणाली. “बोट वाहून गेलं. तो पाय फार वाईट दिसायला लागला, म्हणून मंडळाने तिथे फुलं लावायचं ठरवलं.” ती जरा थांबली. “पहिली रोपं मीच लावली होती.”

“आणि तुला आत्ता आठवतंय,” कोल्बी म्हणाला.

“मी त्या बोटाकडे बोट म्हणून बघतच नव्हते रे. उल्का म्हणून बघत होते.”

काकाने कॉफीचा मग नीट जमिनीवर ठेवला, दाराला दोन्ही हातांनी धरलं आणि हसायला लागला. आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग आवाज आला. मग तो खाली बसला.

“खासगी उल्का,” तो म्हणत होता. “वॉल्टरच्या बोटावर.”

ते बोट सगळ्यांनी मिळून पंपावर नेलं. पिटुनिया बाजूला करून लावून बघितलं तर चपखल बसलं. ग्रेसनी जाताना कोल्बीला बाजूला घेतलं. “तुझं दाराचं प्रकरण ऐकलंय मी,” त्या म्हणाल्या. “उत्तर तुझं बरोबर होतं. पण दार काही डायनासोर नव्हतं. आणि बारावीचा नियम मी केलेला नाही, मला मोडता येत नाही.” कोल्बीला काहीतरी तोडून बोलायचं होतं. पण जिभेवर अजून सिमेंटची चव होती, म्हणून तो गप्प राहिला. काकाने मागून येऊन त्याच्या खिशात हातमोजे कोंबले.

सोमवारी सकाळी तो ट्रकवर चढला. निघताना मावशीने त्याच्या हातात एक छोटं चुंबक ठेवलं.

“इथून पुढे आधी हे लावायचं,” ती म्हणाली. “मग जीभ.”

“मी आता काही चाटणार नाहीये, मावशी. संपलं ते.”

“बरं. खिशात असू दे.”

पहिलंच काम दरीच्या काठावर, म्हाताऱ्या ओल्सेनबाईंच्या घरी. जुनी टाकी गळत होती. ती उपसायची आणि शेजारी नव्या टाकीचा खड्डा. काका नळी लावून उपसत होता आणि शीळ घालत होता. त्याला त्या वासाचं काही वाटत नाही. तिथेच उभा राहून तो अंड्याचं सँडविच खातो, आणि लोकांना ते बघवत नाही. कोल्बी खड्ड्यात उतरून फावड्याने कडा सरळ करत होता आणि मनातल्या मनात सगळ्यांशी भांडत होता. आधी ग्रेसशी, मग प्रुइट सरांशी, मग त्या गवंड्याशी.

तेवढ्यात फावडं कशाला तरी लागलं. टण्ण नाही वाजलं. ठप्प वाजलं.

खड्ड्याच्या भिंतीत, हाताच्या पंजाएवढा, काळपट तपकिरी तुकडा होता. कडेला मोडलेला, आणि मोडलेल्या जागी आतून जाळीदार, मधाच्या पोळ्यासारखा. कोल्बीने फावडं ठेवलं. त्याने मागे बघितलं; काकाची पाठ होती. त्याने खिशातून चुंबक काढलं आणि लावलं. सुटलं. पुन्हा लावलं. पुन्हा सुटून पडलं.

मग त्याने वर बघितलं. जुनी टाकी वर, हातभर अंतरावर. ती गळत होती. कुठल्या बाजूला गळत होती हे त्याला नाकाने कळत होतं. या बाजूला.

त्याने बाहीने तो तुकडा पुसला. बाहीची अवस्था बघून तसं पुसण्याला काही अर्थ नव्हता. डोळे मिटले आणि जीभ लावली.

“कोल्बी, ती दुसरी नळी दे रे,” काका वळून म्हणाला, आणि त्याला ते दिसलं.

अख्ख्या जिल्ह्याचं पोटातलं ज्याने कपाळावर आठी न आणता उपसलं, तो लॉर्न काका ट्रकचा आरसा धरून ओकला. सँडविच गेलं, कॉफी गेली. पुन्हा ओकला. ओल्सेनबाई खिडकीतून बघत होत्या. त्यांनी पडदा ओढून घेतला.

“काका,” कोल्बी म्हणाला, तोंड भिंतीला असल्यामुळे जरा बोबडं, “चिकटलं.”

“घरी बोलू नकोस माझ्याशी,” काका कसाबसा म्हणाला. “गाडीतही बोलू नकोस.”

कोल्बीने त्या तुकड्याला पुढे बोटही लावलं नाही. वर येऊन, ओल्सेनबाईंच्या नळावर तोंड धुऊन, पुन्हा धुऊन, त्याने म्युझियमला फोन लावला.

“जाळीदार आहे?” ग्रेसनी विचारलं.

“जाळीदार.”

“चुंबक?”

“लावलं. नाही चिकटत. जीभ चिकटते.”

“टाकीच्या कुठल्या बाजूला आहे तो? वरच्या की उताराच्या?”

“उताराच्या, मॅडम.”

मग त्या म्हणाल्या, “मी येते. पण मी चाटणार नाही. तुझ्या शब्दावर विश्वास ठेवते.”

हाड खरं निघालं. एकटंही नव्हतं, भिंतीत आत आणखी हाडं होती, शिंगाच्या डायनासोराची, आणि ती सगळी थेट त्या गळक्या टाकीच्या खाली जात होती. ग्रेस खड्ड्याच्या काठावर नाकाला रुमाल लावून बसल्या. त्यांच्यामागे म्युझियमची शिकलीसवरलेली पोरं उभी होती. कुणीच खाली उतरायला तयार नव्हतं. उन्हाळाभर टाकी रोज उपसल्याशिवाय तिथे ब्रश लावता येणार नव्हता, आणि लॉर्न काकाने सांगून टाकलं होतं की ट्रक मी आणून लावीन, पण त्या खड्ड्याकडे मला बघायला लावू नका.

“खोदणाऱ्यांच्या गटात तुला मला घेता येत नाही,” ग्रेस कोल्बीला म्हणाल्या. “पण टाकीचा माणूस म्हणून घेता येतो. त्याला बारावी लागत नाही. आता टाकीचा माणूस खड्ड्यात उतरणारच. आणि खड्ड्यात उतरल्यावर त्याच्या हातात ब्रश असू नये, असं कुठल्या नियमात मी वाचलेलं नाही.”

कोल्बी म्हणाला, “तुमच्या गाडीत बसू?”

त्यांनी त्याच्या बाहीकडे बघितलं. “मागे. उघड्या बाजूला,” त्या म्हणाल्या. “आणि पुढच्या वर्षी टाकी नसेल, कोल्बी. पुढच्या वर्षी बारावीच लागेल. तेव्हा आधी त्या दाराची माफी मागून टाक. उत्तराची नको मागूस. दाराची माग.”

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्बी मावशीच्या स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभा होता. मावशी पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, तळता तळता ऐकत होती. ब्रिन टेबलाशी बसून वॉल्टरला तिसरं बोट लावत होती. आता तो डावीकडे पडत होता. काका दुसऱ्या खोलीत जेवत होता. कोल्बीबरोबर एका टेबलावर बसायचं त्याने बंद केलं होतं.

“सर, मी कोल्बी,” तो म्हणाला. “ते दार. माझं चुकलं. मी आपटायला नको होतं.”

“ठीक आहे,” प्रुइट सर म्हणाले. “काच काही परत येत नाही, पण ठीक आहे. बरं वाटलं तू फोन केलास. सप्टेंबरात ये.”

“येतो, सर.”

मावशीने झाऱ्या हवेतच धरला. इतकं सरळ जाईल असं तिला वाटलं नव्हतं.

“आणि त्या प्रश्नाचं?” सर म्हणाले. “त्याचंही आता पटलं असेल ना? नामशेष, बरोबर?”

मावशीला कोल्बीचे कान दिसत होते. ते आधी गुलाबी झाले, मग लाल, मग काकाच्या ट्रकच्या मागच्या दिव्यासारखे. ब्रिनने वॉल्टरला पडता पडता थांबवलं. कोल्बीने तोंड उघडलं. आत कोंबडी होती, मॅगपाय होता, सरांचं सँडविच होतं, सगळं जिभेच्या टोकावर. बाहेर म्युझियमच्या गाडीचा भोंगा वाजला. मग पुन्हा वाजला.

“सर,” तो दातावर दात दाबून म्हणाला, “मला आता निघायला हवं.”